प्रहर, भोंगा आणि साखरझोप

आमचा नातू यंदा अकरावीत गेला. अभियांत्रिकीच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करणारी आजची मुले प्रत्येक गोष्टीचे गणित मांडतात, तसे त्याने झोपेचेही मांडले आहे. सव्वाअकराला दिवा मालवायचा, पंधरा मिनिटे झोप लागण्यासाठी धरायची, त्यापुढे दीड-दीड तासाची पाच चक्रे मोजायची आणि बरोबर सातला उठायचे. सहाला उठविले तर पाचव्या चक्राच्या मध्येच जाग येते व दिवसभर डोके जड राहते, असे त्याचे म्हणणे. आम्ही त्याला घरातील ज्येष्ठाच्या अधिकाराने सांगितले की, आपले पूर्वज असले हिशेब न करता निसर्गाप्रमाणे झोपत आणि निसर्गाप्रमाणे उठत. तो म्हणाला, “आजोबा, हे तुम्हाला कसं माहीत?”

प्रश्न रास्त होता. सरकारी नोकरीत आम्ही तीन-साडेतीन तपे काढली. पुराव्यावाचून टिपणी लिहायची नाही ही सवय हाडीमांसी भिनलेली. तेव्हा आमच्या या इंदुरात, आणि इंदूरच्या आधी महेश्वरात, माणसे केव्हा झोपत आणि त्यांना केव्हा व कोण उठवीत असे, याचा थोडा शोध घ्यावा असे मनात आले. जे हाती लागले ते सभेच्या वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आधी नातवाच्या गणिताविषयी. ते अगदीच हवेतले नाही. शिकागो विद्यापीठात नॅथनिएल क्लाइटमन यांच्या हाताखाली काम करणाऱ्या युजीन ॲसेरिन्स्की या विद्यार्थ्याने आपल्या आठ वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांच्या हालचाली रात्रभर यंत्रावर टिपल्या आणि १९५३ साली या दोघांनी जाहीर केले की, झोपेत ठराविक अंतराने बुबुळे मिटल्या पापण्यांआड झपाट्याने फिरू लागतात. त्या अवस्थेत जागे केलेला माणूस बहुधा स्वप्न सांगतो. पुढे १९५७ मध्ये विल्यम डिमेंट आणि क्लाइटमन यांनी दाखविले की हलकी झोप, गाढ झोप आणि स्वप्नांची झोप अशी आवर्तने रात्रभर चालतात. एका आवर्तनाला सरासरीने सुमारे नव्वद मिनिटे लागतात. सरासरीने, हे महत्त्वाचे. कोणाचे सत्तर मिनिटांत पुरे होते, कोणाचे एकशेवीस मिनिटांत, आणि एकाच माणसाची एकाच रात्रीतली आवर्तनेसुद्धा सारखी नसतात. तेव्हा गजराचे घड्याळ लावून चक्राची कड नेमकी पकडणे हे मुहूर्त काढण्यापेक्षा फारसे अचूक काम नव्हे. मात्र एक गोष्ट पक्की. गाढ झोप बहुतांशी रात्रीच्या पहिल्या भागात होते आणि स्वप्नांची झोप उत्तररात्री वाढत जाते. आपल्या भाषेने या शेवटच्या झोपेला ‘साखरझोप’ असे गोड नाव दिले आहे, आणि पहाटेचे स्वप्न खरे होते असे आपल्या आज्या सांगत. खरे होते की नाही ते देव जाणे. पण पहाटेची स्वप्ने अधिक पडतात आणि त्यांतूनच जाग येत असल्यामुळे ती अधिक लक्षात राहतात, एवढे शास्त्र मान्य करते.

आता महेश्वर. देवी अहिल्याबाईंच्या दिनक्रमाचे वर्णन सर जॉन माल्कमने १८२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या मध्य हिंदुस्थानविषयक ग्रंथात दिले आहे. माल्कम माळव्यात आला तो १८१८ च्या सुमारास. बाईंचे देहावसान १३ ऑगस्ट १७९५ रोजी झालेले. अर्थात त्याने त्यांना पाहिलेले नव्हते. त्यांच्या पदरी राहिलेल्या माणसांना विचारून त्याने हे लिहिले. त्या वर्णनानुसार बाई पहाट फुटण्यापूर्वी तासभर उठत. पूजाअर्चा, पुराणश्रवण, दानधर्म, ब्राह्मणभोजन, मग स्वतःचे साधे शाकाहारी जेवण. जेवणानंतर पुन्हा थोडी उपासना आणि मग थोडी विश्रांती. दोनच्या सुमारास दरबारात येत त्या सायंकाळी सहापर्यंत बसत. नंतर दोन-तीन तास उपासना व अल्पोपहार यांत जात, नऊच्या सुमारास पुन्हा राज्यकारभार, तो अकरापर्यंत. आणि मग शयन.

२०२५ साली बाईंच्या जन्माची त्रिशताब्दी झाली. त्या निमित्ताने झालेल्या व्याख्यानांतून त्यांच्या पहाटे उठण्याचा उल्लेख आम्ही अनेकदा ऐकला. दुपारच्या विश्रांतीचा उल्लेख एकाही वक्त्याने केला नाही. पण हिशेब मांडून पाहावा. रात्री अकराला निजून पहाटेपूर्वी तासभर उठायचे म्हणजे रात्रीची झोप पाच-साडेपाच तासांहून अधिक होत नसणार. ती तूट भरून निघत असेल तर दुपारच्या त्या अल्प विश्रांतीतच. रात्री अकरापर्यंत फडणिशी पाहणाऱ्या राणीला आपण ‘लवकर निजे’ या पंक्तीत बसवू शकत नाही. ती यमकबद्ध म्हणही मुळात आपली नव्हे. बेंजामिन फ्रँकलिनच्या पंचांगातून ती इंग्रजी शाळांच्या वाटेने मराठीत उतरली. आपली स्वतःची गोष्ट म्हणजे वामकुक्षी, आणि तिचा मान आपण उगीचच आळसाच्या खात्यात जमा केला आहे.

माल्कमने दिलेले दोन, सहा, नऊ, अकरा हे आकडे इंग्रजी घड्याळाचे. त्या काळी आपल्याकडे मोजमाप होते ते प्रहर-घटकांचे. साठ घटकांचा अहोरात्र, चोवीस मिनिटांची एक घटका, दोन घटकांचा एक मुहूर्त. तळाला बारीक छिद्र पाडलेले तांब्याचे पात्र पाण्यावर सोडायचे. ते भरून बुडाले की एक घटका झाली. हे घटिकापात्र आपल्यापैकी पुष्कळांनी घरच्या जुन्या लग्नांतून पाहिले असेल. घटका भरली की टोल देण्याची जी काशाची जाड थाळी, ती ‘घडियाल’. आपला ‘घड्याळ’ हा शब्द तिचाच वारस.

या टोलांच्या संदर्भात बाबराने आपल्या आत्मचरित्रात एक नोंद केली आहे, ती आम्हांला फार मोलाची वाटते. हिंदुस्थानातील घडियालांची पद्धत त्याने बारकाईने वर्णिली आहे. रात्री नुसते घटकांचे टोल दिले जात; प्रहर पुरा झाल्यावरच प्रहराची खूण होई. मध्येच जाग आलेल्या माणसाने तीन किंवा चार टोल ऐकले तर ते दुसऱ्या प्रहराचे की तिसऱ्या, हे त्याला कळावे कसे? म्हणून बाबराने आज्ञा केली की घटकांच्या टोलांनंतर थोडे थांबून प्रहराचेही टोल द्यावेत. पाचशे वर्षांपूर्वीचा एक बादशहा रात्री अंथरुणात डोळे उघडे ठेवून पडलेल्या माणसाचा विचार करतो आहे. म्हणजे मध्यरात्री जाग येणे ही तेव्हाही सर्वपरिचित गोष्ट होती. रॉजर एकर्च या अमेरिकन इतिहासकाराने २००५ च्या आपल्या ग्रंथात युरोपातील जुन्या कागदपत्रांतून दाखविले आहे की, दिव्यांचा सुकाळ होण्यापूर्वी तेथे लोक ‘पहिली झोप’ आणि ‘दुसरी झोप’ असे सहज बोलत. दोहोंच्या मध्ये तास-दोन तास जागे राहण्याचे कोणाला काही वाटत नसे. आपल्याकडेही ‘पहिली झोप लागली होती’ असे आपण म्हणतोच. एवढ्यावरून दोन्हीकडची रीत एकच होती असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. पण साठी उलटलेल्या ज्या वाचकांना रात्री अडीचला जाग येते आणि त्यामुळे आपणांस काही विकार जडला असे वाटते, त्यांनी बाबराची नोंद आठवावी.

जुन्या कालमापनाची आणखी एक खुबी होती. दिवस आणि रात्र यांचे मुहूर्त वेगवेगळे मोजण्याच्या रीतीत रात्रीचे पंधरा भाग करीत. माळव्यात पौषातली रात्र सव्वातेरा तासांची. तिचा पंधरावा भाग ५३ मिनिटांचा. ज्येष्ठातली रात्र साडेदहा तासांच्या आत. तिचा पंधरावा भाग ४२ मिनिटांचा. म्हणजे मुहूर्त सूर्याबरोबर ताणला जाई आणि आखडतही असे. ब्राह्म मुहूर्त हा या पंधरांतला चौदावा. सूर्योदयाच्या आधी सरासरीने ९६ मिनिटे तो सुरू होतो. हा आकडा नव्वदाच्या जवळपास येतो हे पाहून आमच्या एका स्नेह्यांनी लगेच ‘आपल्या ऋषींना झोपेचे चक्र ठाऊक होते’ असा निष्कर्ष काढला. आम्हांला तो मान्य नाही. दोन आकडे शेजारी आले म्हणून त्यांचे नाते जुळत नाही.

ग्रंथ काय सांगतात ते मात्र नीट पाहावे. चरकाने आहार आणि ब्रह्मचर्य यांच्या जोडीने निद्रेला शरीराच्या तीन उपस्तंभांत स्थान दिले आहे. वाग्भटाने ब्राह्म मुहूर्ती उठण्यास सांगितले ते ‘स्वस्थ’ माणसाला; हे विशेषण आपण सोडून देतो आणि आजारी, अशक्त, रात्रभर जागलेल्या सर्वांना एकाच वेळी उठवितो. दिवसा झोपणे चरकाने सामान्यतः निषिद्ध मानले. पण ग्रीष्मात त्याला मुभा दिली, आणि बालके, वृद्ध, दुर्बल व प्रवासाने थकलेले यांना बाराही महिने दिली. रात्री जागरण झाले तर जेवढे जागले त्याच्या निम्मा वेळ सकाळी उपाशीपोटी झोपावे, असा वाग्भटाचा हिशेब आहे. हे सर्व वाचल्यावर आमची अशी समजूत झाली की हे वैद्य आपल्या अनुयायांपेक्षा पुष्कळच अधिक दयाळू होते.

आणि मग तो प्रश्न येतो, ज्यावाचून हा लेख लिहिण्यात अर्थ नाही. पहाटे उठून पोथी वाचणाऱ्या पुरुषाच्या आधी घरात कोण उठलेले असे? पिठाच्या गिरण्या येण्यापूर्वी मराठी मुलखात बाईचा दिवस जात्यापाशी सुरू होत होता. घरातील माणसांना दिवसभर पुरेल एवढे दळण उजाडण्यापूर्वी झाले पाहिजे. जात्यावरच्या ओव्यांचे आपण कौतुक करतो. गी पॉयत्वाँ आणि हेमा राईरकर यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव फिरून जमविलेल्या ओव्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली आहे. एवढे अफाट काव्य ज्या वेळेत रचले गेले ती साखरझोपेची वेळ होती. पंढरपुरास आषाढी-कार्तिकीला विठ्ठलाचा पलंग काढतात. वारकऱ्यांना अहोरात्र दर्शन मिळावे म्हणून देव त्या दिवसांत निजत नाही. पण यात्रा उलगडली की प्रक्षाळपूजा होते, देवाला शिणवटा घालविणारा काढा दिला जातो आणि त्याचा पलंग परत येतो. देवाच्या जागरणाची भरपाई करण्याची इतकी हळुवार रीत ज्या समाजाला सुचली, त्याला जात्यापाशी बसणाऱ्या बाईच्या काढ्याचे काही सुचले नाही.

आता इंदूर. मंदसोरच्या तहानंतर, १८१८ मध्ये, होळकरांची राजधानी येथे आली आणि शहर वाढू लागले. परंतु इंदूरच्या झोपेच्या इतिहासात खरा बदल झाला तो रेल्वेने. १८७० साली महाराज तुकोजीराव दुसरे यांनी खांडवा-इंदूर मार्गासाठी सरकारला एक कोटी रुपयांचे कर्ज दिले हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. त्या आगगाडीबरोबर आणखी एक पाहुणा आला, तो म्हणजे मद्रासची वेळ. त्या काळी हिंदुस्थानातील रेल्वे मद्रासच्या वेळेने चालत. मद्रासचा सूर्य इंदूरच्या सूर्यापेक्षा सुमारे अठरा मिनिटे आधी माथ्यावर येतो. घरचे घड्याळ पाहून स्टेशनावर गेलेल्या माणसाची गाडी चुकावी एवढा हा फरक. आणि गंमत अशी की ज्या उज्जयिनीची रेखा भारतीय ज्योतिषाने शतकानुशतके शून्य रेखा मानली, तिच्या कुशीत राहणारे आम्ही! पंचांग उज्जयिनीचे आणि गाडी मद्रासची.

१ जानेवारी १९०६ पासून साडेब्याऐंशी अंश रेखांशाची वेळ साऱ्या देशाची प्रमाण वेळ ठरली. इंदूर सुमारे पाऊणशहात्तर अंशांवर. त्यामुळे इंदूरच्या घड्याळात बारा वाजले तरी सूर्य माथ्यावर यायला अजून सत्तावीस मिनिटे असतात. ही तफावत आजही तितकीच आहे. अहिल्याबाईंचे रात्रीचे ‘अकरा’ म्हणजे आपल्या घड्याळातले जवळजवळ साडेअकरा. १९०६ हेच साल आमच्या शहरात विजेचा पुरवठा सुरू झाल्याचेही आहे. त्याआधी दोनच वर्षे, १९०४ मध्ये, किंग एडवर्ड हॉल, म्हणजेच आजचा गांधी हॉल, उभा राहिला. त्याच्या मनोऱ्यावर चारी दिशांना घड्याळे होती आणि लोक त्याला सरळ घंटाघर म्हणू लागले. चौकात घड्याळ, घरात वीज आणि देशभर एकच वेळ. दोन-तीन वर्षांत हे सारे झाले. सूर्याने उठविण्याचा काळ संपला असे एखादे साल सांगायचेच तर इंदुरापुरते आम्ही १९०६ सांगू.

मुंबईकरांनी हा बदल मुकाट्याने स्वीकारला नाही. तेथील स्थानिक वेळ नव्या वेळेच्या ३९ मिनिटे मागे होती. गिरणीची वेळ नव्या घड्याळाने ठरली म्हणजे कामगाराने तितकी मिनिटे आधी, अंधारात, उठायचे. जानेवारी १९०६ मध्ये हजारो गिरणी कामगारांनी यावरून काम थांबविले व गिरणीवर दगड फेकले. इतिहासाच्या पुस्तकांतून संप होतात ते मजुरीसाठी; हा संप झोपेच्या ३९ मिनिटांसाठी होता असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. मुंबई नगरपालिकेनेही आपली जुनी वेळ सोडली नाही. ‘बॉम्बे टाइम’ पुरता गेला तो १९५५ मध्ये. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ ते १९४५ या काळात, सरकारने घड्याळे आणखी एक तास पुढे केली. आमचे वडील तेव्हा शाळकरी होते. ‘नव्या टायमाने सात, जुन्या टायमाने सहा’ असे त्यांच्या घरात रोज बोलले जाई, आणि आजी तर शेवटपर्यंत तिसराच टाइम मानीत असे: शुक्राच्या चांदणीचा.

इंदूरला मात्र सर्वांत मोठ्याने उठविले ते भोंग्याने. मालवा मिल, हुकुमचंद मिल, राजकुमार, कल्याणमल, स्वदेशी, भंडारी. ही नावे उच्चारली की आमच्या पिढीच्या कानात तो लांबलचक सूर उमटतो. मिलचा भोंगा केवळ कामगारांसाठी नव्हता. स्नेहलतागंजात, जेल रोडवर, रामबागेत घराघरांत भोंग्यावर घड्याळे लावली जात. आमच्या आळीत रातपाळी करणारे एक मराठी गृहस्थ राहत. ते सकाळी घरी येत तेव्हा आम्ही मुले खेळायला बाहेर पडलेली असू, आणि त्यांच्या पत्नी दारात येऊन ओठांवर बोट ठेवून उभ्या राहत. खिडकीला गोणपाट लावलेले असे. त्या खोलीत झोप कशी लागत असेल याचा विचार आम्ही तेव्हा केला नाही. आज शास्त्र सांगते की दिवसाची झोप रात्रीपेक्षा तुटक आणि तोकडी होते, कारण शरीरातले घड्याळ पाळीच्या फलकाकडे पाहून चालत नाही. त्या आतल्या घड्याळाचे रेणू-पातळीवरचे कार्य उलगडल्याबद्दल तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ चे नोबेल मिळाले. त्याआधीच, २००७ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने रातपाळीचे काम ‘बहुधा कर्ककारक’ या वर्गात घातले होते. हुकुमचंद मिल डिसेंबर १९९१ मध्ये बंद पडली. तिच्या कामगारांना थकलेली देणी मिळू लागली ती २०२३ च्या डिसेंबरात, बत्तीस वर्षांनी. देणी पैशांची होती. झोपेची बाकी कोणत्याही खतावणीत नव्हती.

भोंगे थांबले, इंदूर शांत झाले असे मात्र नव्हे. सराफ्यात सोन्याचांदीची दुकाने मिटली की त्यांच्याच ओट्यांवर भुट्ट्याचा कीस, गराडू आणि जलेबा यांचा बाजार भरतो व रात्री एक-दोनपर्यंत चालतो. त्याच शहरात पहाटे सहाला पोह्यांची परात वाफाळत असते. पाहुण्यांना हे दोन्ही दाखविताना आम्हांला अभिमानच वाटतो. मधल्या चार तासांचे कोणी विचारीत नाही. २०२२ मध्ये शहरातील बीआरटीएस मार्गावर दुकाने रात्रभर उघडी ठेवण्याचा प्रयोग झाला, तो २०२४ मध्ये थांबविण्यात आला. त्यात झोपेपेक्षा बंदोबस्ताचा विचार अधिक होता. आम्ही जागरणाच्या विरुद्ध नाही. कोजागरी आमचीच, गोंधळ आमचाच, एकादशीचा हरिजागरही आमचाच. पण त्या जागरणांना तिथी होती, आणि दुसऱ्या दिवशी उशिरा उठण्याची परवानगी होती.

गेल्या काही वर्षांत या विषयावर भारतातच झालेले दोन अभ्यास आमच्या वाचनात आले. पहिला मौलिक जगनानी यांचा. घड्याळ देशभर एक आणि सूर्य मात्र पूर्वेकडे लवकर, पश्चिमेकडे उशिरा. शाळा सगळीकडे साधारण एकाच वेळी भरते. पण पश्चिमेकडे अंधार उशिरा पडत असल्यामुळे मुले उशिरा झोपतात. सूर्यास्त तासाभराने उशिरा असेल तर मुलांची झोप सुमारे अर्ध्या तासाने घटते आणि त्याचा परिणाम शिक्षणावर दिसतो, असा त्यांचा निष्कर्ष आहे. इंदुरात सूर्य कोलकात्यापेक्षा सुमारे पन्नास मिनिटे उशिराने चालतो. जानेवारीच्या मध्यास येथे तो सात वाजून गेल्यावर उगवतो. सातची शाळा म्हणजे अंधारातली शाळा. महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असे फर्मान काढले, ते तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांच्या अपुऱ्या झोपेकडे लक्ष वेधल्यानंतर. आयुष्यभर शासनाची परिपत्रके हाताळल्यामुळे परिपत्रकाने काय बदलते याविषयी आमच्या मनात फार मोठ्या आशा नसतात. पण लहान मुलाची झोप हा शासकीय विचाराचा विषय झाला, हेही थोडके नाही.

दुसरा अभ्यास चेन्नईतला, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला. कमी उत्पन्नाच्या माणसांच्या मनगटाला मोजयंत्रे बांधून पाहिले, तेव्हा ती रात्री आठ तास अंथरुणात असूनही प्रत्यक्ष झोप साडेपाच तासांचीच होत होती. उकाडा, डास, आवाज, दाटीवाटी. अभ्यासकांनी त्यांना साधने आणि उत्तेजन देऊन रात्रीची झोप सुमारे अर्ध्या तासाने वाढविली, तरी कामात वा प्रकृतीत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. कारण ती झोपच तुटक होती. पण दुपारी कामाच्या जागी शांत ठिकाणी अर्धा तास डुलकी घेऊ दिली, तेव्हा कामाचा उरक आणि मनाची प्रसन्नता वाढली. साडेपाच तासांची रात्र आणि दुपारची अल्प विश्रांती! आम्हांला महेश्वरच्या वाड्यातल्या त्या दुपारची आठवण झाली. फरक एवढाच की बाईंना विश्रांतीसाठी कोणाची अनुमती मागावी लागत नव्हती.

नातवाला आम्ही हे सर्व सांगितले. पूर्वज निसर्गाप्रमाणे झोपत हे आमचे विधान आम्ही मागे घेतले. कोणी टोल ऐकून उठे, कोणी भोंगा ऐकून, कोणी सासूचा आवाज ऐकून. त्याने विचारले, “आणि पणजी?” पणजी म्हणजे आमची आई.

आमच्या मॅट्रिकच्या वर्षी आई आम्हांला चारला उठवीत असे. ब्राह्म मुहूर्ती केलेला अभ्यास चिरकाल टिकतो, ही वडिलांची श्रद्धा. आम्ही डोळे चोळीत स्वयंपाकघरात येत असू तेव्हा शेगडी पेटलेली, चहा उकळलेला आणि विहिरीवरून आणलेल्या घागरी भरलेल्या असत. रात्री आम्ही झोपायला जात असू तेव्हा ती भांडी घाशीत असे. नर्मदेचे पाणी १९७८ मध्ये इंदुरात आले आणि विहीर सुटली. मग नळाची वेळ सुरू झाली. एकाआड एक दिवस, भल्या पहाटे. म्हातारपणी कामे सुटली, सुना आल्या, तरी तिला साडेतीनच्या पुढे झोप येईना. आम्ही तिला एका डॉक्टरांकडे नेले. त्यांनी ‘वयोमानाने होते’ असे सांगून गोळ्या दिल्या. तिने त्या घेतल्या नाहीत. “झोप आता मला ओळखत नाही,” एवढेच म्हणाली. तिने कितीला अंग टाकले आणि कितीला उठली, याची बेरीज आम्ही अधिकारीपदावर असताना हजारो बेरजा तपासल्या त्या काळात एकदाही केली नाही. हा लेख लिहिताना केली. साडेचार तास.

नातवाने ती वहीत लिहून घेतली आणि दीड तासाने भागून पाहिली. तीन चक्रे, बरोबर. मग तो म्हणाला, “आता नळ उद्या की परवा?” उद्या होता. त्याने स्वतःच्या गजरात पाचची वेळ लावली आणि आजीचा गजर बंद केला. त्या रात्री तो साडेनऊला झोपला. पाणी सव्वापाचला आले. तो उठला, हिलाही सवयीने जाग आलेलीच होती, पण ती अंथरुणातच राहिली, मोटारीचा आवाज ऐकत.